भिंतीपासून वाचलेला कागद

(भिलाई येथील एका ग्रंथालयात, जुन्या चित्रपट-पोस्टरांच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने दिलेले व्याख्यान)



आज सकाळी या सभागृहात माझ्याजवळची चाळीस पोस्टरे मांडली जात होती, तेव्हा ग्रंथालयातील एका तरुण मुलाने मला विचारले, "काका, ही सगळी तुम्ही भिंतींवरून काढली का?" प्रश्न स्वाभाविक होता. परंतु त्याचे उत्तर 'नाही' असे आहे, आणि आज मला जे सांगावयाचे आहे ते बरेचसे या 'नाही'मध्येच आले आहे. भिंतीवर एकदा लागलेले पोस्टर पुन्हा सबंध निघत नाही. आपण येथे जी पोस्टरे पाहत आहात, त्यांपैकी एकही कधी भिंतीवर लागलेले नाही. ही उरलेली पोस्टरे आहेत. ज्या कामासाठी ती छापली गेली ते काम त्यांच्या हातून घडलेच नाही, म्हणून ती वाचली.

आपल्यापैकी जे माझ्या वयाचे आहेत त्यांना हे काम कसे चाले ते आठवत असेल. चित्रपट शुक्रवारी बदले. आदल्या रात्री दोन माणसे बांबूची शिडी, मैद्याच्या खळीची बादली आणि मोठा कुंचा घेऊन निघत. भिंतीवर आधी खळीचा हात फिरे, मग कागद, मग कागदावरून पुन्हा एक हात. सकाळी गाव उठे तेव्हा नव्या चित्रपटाचे नायक-नायिका चौकात उभे असत. पुढच्या आठवड्यात त्यांच्यावर दुसरे पोस्टर चढे, त्याच्यावर तिसरे. पावसाळ्यात हे सारे थर भिजून एकदमच खाली येत आणि मैद्याच्या वासाने गाई ते पुठ्ठ्यासारखे जाड झालेले कागद चघळीत उभ्या राहत. एका पोस्टराचे आयुष्य बहुधा सात दिवसांचे असे. चित्रकाराने, छापखान्याने आणि वितरकाने ते तेवढ्यासाठीच केलेले असे. पुढे पन्नास वर्षांनी कोणी ते काचेआड लावील असे त्यांच्यापैकी एकाच्याही मनात आले नसेल.

मी व्यवसायाने आरेखक. पोलाद कारखान्यात यंत्रांचे आणि इमारतींचे नकाशे काढण्यात माझी नोकरी झाली. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात १९५५च्या फेब्रुवारीत करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. माझे वडील त्याच सुमारास अमरावतीहून येथे आले. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. त्यामुळे या गावाचे वय आणि माझे वय यांत फारसे अंतर नाही.

अमरावतीचा उल्लेख मी उगाच केला नाही. ब्रिटिश अमदानीत दुर्ग, रायपूर, नागपूर आणि अमरावती हे जिल्हे मध्य प्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि दुर्ग नव्या मध्य प्रदेशात राहिला. पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ हे वेगळे राज्य झाले. राजकीय नकाशा असा दोनदा बदलला. चित्रपट-व्यवसायाने मात्र आपला नकाशा बदलला नाही. त्या व्यवसायाच्या बोलीत हा मुलूख 'सी. पी. बेरार' या जुन्याच नावाने ओळखला जात राहिला. वितरकांच्या कचेऱ्या अमरावतीस आणि भुसावळास होत्या. चित्रपटाची पेटी तेथून रेल्वेने येई आणि पेटीबरोबर घडी घातलेल्या पोस्टरांचे पुडके येई.

माझे एक चुलते अमरावतीस अशाच एका कचेरीत कारकून होते. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही गेलो की ते जुन्या पोस्टरांचा एक गठ्ठा आमच्या स्वाधीन करीत. त्याचा उपयोग एकच. पोस्टराची मागची बाजू कोरी असते आणि कागद बरा असतो; शाळेच्या वह्या-पुस्तकांना कव्हरे घालावयास त्याहून स्वस्त काही नव्हते. आमच्या घरात अशी कितीतरी सुंदर पोस्टरे कातरली गेली. भूगोलाच्या वहीच्या कव्हराआड मीनाकुमारीचा एक डोळा दिसे तो मला अजून आठवतो. तेव्हा मला त्याचे काहीच वाटले नाही.

भिलाईत सर्व प्रांतांची माणसे आली होती. तेलुगू, मल्याळी, बंगाली, पंजाबी, ओडिया, मराठी. प्रत्येकाला आपल्या भाषेचा चित्रपट पाहण्याची ओढ. परंतु चित्रपटगृहाच्या मालकाला रोजच्या खेळाला हिंदी चित्रपटच परवडे. तेव्हा एकेका भाषेची मंडळी रविवारी सकाळच्या एका खेळापुरते चित्रपटगृह भाड्याने घेत. आम्ही मराठी मंडळींनीही तेच केले. वर्गणी जमवावयाची, अमरावतीहून पेटी मागवावयाची, तिकिटे घरोघर जाऊन खपवावयाची, आणि शनिवारी रात्री पोस्टरे आपली आपणच लावावयाची. मी पंधरा वर्षांचा होतो; खळीची बादली माझ्याकडे असे. दहा-बारा पोस्टरे येत. त्यांपैकी दोन-तीन उरत, आणि आई ती पलंगाखालच्या ट्रंकेत ठेवी. माझ्या संग्रहाचा आरंभ त्या ट्रंकेत आहे. त्याला संग्रह म्हणतात हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

आता मी आपल्याला येथून फार दूरच्या एका किनाऱ्यावर नेणार आहे. सभागृहाच्या टोकाला, दाराजवळ, एक पोस्टर वेगळे लावले आहे. भडक नारिंगी आणि गुलाबी आकाश, पिवळा सूर्य, आणि त्यासमोर तीन माणसांच्या काळ्या आकृती. एकाच्या डोक्यावर लांब फळी आहे. माझा पुतण्या कॅलिफोर्नियात नोकरीला आहे, त्याने ते पाठविले. ते जुने नाही, जुन्या पोस्टराची नवी प्रत आहे. परंतु त्यामागची हकीकत वाचल्यावर मला आमच्या रविवार-सकाळच्या खेळांचा अर्थ अधिक समजला, म्हणून ते येथे लावले.

समुद्राच्या उसळत्या लाटेवर एका फळीवर उभे राहून किनाऱ्याकडे घसरत येण्याचा खेळ मूळचा हवाई बेटांतला. त्याला सर्फिंग म्हणतात. विसाव्या शतकाच्या मध्यास तो कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील तरुणांत पसरला. त्यांच्यातल्याच काहींनी सोळा मिलिमीटरचे कॅमेरे घेऊन लाटांची चित्रे टिपली आणि ती दाखविण्यास आरंभ केला. बड ब्राउन या पोहणाऱ्याने १९५३ साली सांता मोनिका येथील एका शाळेच्या सभागृहात असा चित्रपट दाखविला. पुढे जॉन सेव्हरसन, ब्रूस ब्राउन आदी मंडळी या व्यवसायात आली. व्यवसाय हा शब्दही त्याला मोठाच होतो. मोठ्या कंपन्यांना या चित्रपटांत रस नव्हता. चित्रपट काढणारा स्वतःच गावोगाव जाई, शाळेचे किंवा क्लबाचे सभागृह एका रात्रीपुरते भाड्याने घेई, दाराशी तिकिटे विकी आणि पडद्याशेजारी उभा राहून तोंडाने निवेदन करी. त्याआधी तो किंवा त्याचे मित्र गावातून फिरून टेलिफोनच्या खांबांवर आणि फळ्यांच्या दुकानांत पोस्टरे लावीत. सेव्हरसनने कलेचे शिक्षण घेतले होते. आपल्या चित्रपटांची पोस्टरे तो स्वतः काढी. १९६० साली आपल्या चित्रपटाच्या जाहिरातीसाठी त्याने एक पुस्तिका छापली, आणि तिच्यातूनच पुढे 'सर्फर' हे मासिक जन्मास आले.

ही हकीकत वाचताना मला हसू आले, कारण ती आमचीच होती. सभागृह भाड्याने घेणे, वर्गणी, शनिवारची रात्र, खळीची बादली! त्यांचा समुद्र आणि आमची भाषा एवढाच काय तो फरक. बाजाराला जे नको असते ते एखादा समाज स्वतःच्या हिमतीवर स्वतःला दाखवितो, तेव्हा त्याची पोस्टरेही तोच लावतो. आणि म्हणून ती त्या समाजाची रोजनिशी होऊन राहतात.

दाराजवळचे पोस्टर ब्रूस ब्राउनच्या 'द एंडलेस समर' या चित्रपटाचे आहे. त्यात दोन तरुण उन्हाळ्याच्या मागोमाग जगभर फिरतात आणि प्रत्येक किनाऱ्यावर लाटा शोधतात. पोस्टर काढले जॉन व्हॅन हॅमर्सव्हेल्ड या कलाशाळेतील विद्यार्थ्याने, १९६४ साली. सॉल्ट क्रीक येथील किनाऱ्यावर घेतलेले एक छायाचित्र त्याने घेतले, त्यातील सारे बारकावे काढून टाकले, आणि अंधारातही झळाळावे अशा रंगांचे सपाट पट्टे तेवढे ठेवले. त्याला याचे दीडशे डॉलर मिळाले. आज ते पोस्टर न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे.

या चित्रपटाची आणखी एक गोष्ट भिलाईकरांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. वितरक म्हणत होते की, समुद्रापासून दूर राहणारे लोक हा चित्रपट पाहणार नाहीत. तेव्हा ब्राउनने तो कॅन्सास राज्यातील विचिटा या गावी नेला. विचिटा विमानांच्या कारखान्यांचे गाव आहे, आणि तेथून कोणताही समुद्र शेकडो मैल दूर आहे. ऐन हिवाळ्यात तेथे लोकांनी रांगा लावून तो पाहिला. त्यानंतर १९६६ साली तो सर्वत्र प्रदर्शित झाला. कारखान्याच्या गावातील माणसांना दूरच्या गोष्टींची हौस नसते असे ज्यांना वाटते, त्यांना विचिटाचे उदाहरण द्यावे, आणि वाटल्यास भिलाईचेही.

पुढच्या पाच-सहा वर्षांत त्या किनाऱ्यावरचे वातावरण पालटले. व्हिएतनामचे युद्ध चालू होते. तरुणांची एक मोठी पिढी प्रस्थापित जीवनाकडे पाठ फिरवून उभी राहिली. ज्यांना आपण हिप्पी म्हणतो ते या पिढीचे सर्वांत ठळक रूप. 'सर्फर' मासिकात एका खोडकर मुलाची व्यंगचित्रे काढणारा रिक ग्रिफिन सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि संगीताच्या जलशांची पोस्टरे काढू लागला. त्यातली अक्षरे ज्वाळांसारखी वळवळत. ती वाचावयास थांबावे लागे, आणि थांबावे हाच त्यांचा हेतू होता. हीच शैली घेऊन त्याने सेव्हरसनच्या 'पॅसिफिक व्हायब्रेशन्स' (१९७०) आणि मॅकगिलिव्हरे व फ्रीमन यांच्या 'फाइव्ह समर स्टोरीज' (१९७२) या चित्रपटांची पोस्टरे केली. तेथे लाट हा आता नुसता खेळ राहिला नव्हता, तो जगण्याचा एक पर्याय झाला होता. त्याच वादळाची एक झुळूक १९७१ साली देव आनंद यांच्या 'हरे रामा हरे कृष्णा' या चित्रपटातून आपल्या चौकांपर्यंत आली. वडीलधाऱ्यांनी नाके मुरडली, आणि आम्ही मुले मात्र त्या पोस्टरासमोर सायकली थांबवून उभे राहिलो.

आज अमेरिकेत या सर्फ-पोस्टरांचे संग्राहक आहेत, त्यांच्यावर पुस्तके आहेत, आणि जुन्या मूळ प्रतींना चांगली किंमत येते. परंतु मला हेवा वाटला तो किमतीचा नव्हे. मी आताच आपल्याला चित्रकाराचे नाव, वर्ष, छायाचित्राची जागा आणि मानधनाची रक्कमसुद्धा सांगितली. भिंतीवरच्या एका कागदाविषयी एवढी माहिती शिल्लक आहे! या सभागृहातील चाळीस पोस्टरांपैकी किती पोस्टरांविषयी मी एवढे सांगू शकेन? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, चारांविषयी.

आपली परंपरा उणी आहे म्हणून असे झाले असे कोणी समजू नये. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळले त्याआधी लोणावळ्याजवळ राजा रविवर्म्याच्या शिळाछापखान्यात काम करीत होते. म्हणजे आपल्या चित्रपटाचे आणि रंगीत छपाईचे नाते पहिल्यापासूनचे आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर मुळात पडदे रंगविणारे चित्रकार. आपल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या चित्रपटांची पोस्टरे ते स्वतः काढीत. १९२४ सालच्या त्यांच्या 'कल्याण खजिना' या चित्रपटाचे पोस्टर हे भारतातील आज उपलब्ध असलेल्या सचित्र पोस्टरांत सर्वांत जुने मानले जाते. त्याच कोल्हापूरचे जी. कांबळे यांनी 'मुघल-ए-आझम'साठी काम केले, आणि शिवछत्रपतींचे जे चित्र आज शासकीय कचेऱ्यांत दिसते तेही त्यांचेच. मकबूल फिदा हुसेन यांनी उमेदवारीच्या काळात मुंबईत चित्रपटांचे मोठे फलक रंगविले. दिवाकर करकरे यांनी कुंचल्याबरोबर रंगाची सुरीही वापरली. 'दीवार' (१९७५) च्या पोस्टरातील जाड, खरबरीत रंग आठवून पाहा. एवढी गुणी माणसे या कामात होती. परंतु त्यांच्यामागे शेकडो माणसे अशी होती की ज्यांनी शिळेवर किंवा जस्ताच्या पत्र्यावर एकेक रंग वेगळा उतरविला, अक्षरे रेखाटली, आणि ज्यांचे नाव कोठेही नाही.

या अनामिकतेत एकच आधार आहे, आणि तो आपल्याला कायद्याने दिला आहे. ब्रिटिश सरकारने १८६७ साली छापखान्यांसंबंधी एक कायदा केला. छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर आणि कागदावर मुद्रकाचे नाव आणि मुद्रणाचे ठिकाण वाचता येईल असे छापावे, असे त्यात कलम होते. २०२३ साली केलेल्या नव्या कायद्याने त्याची जागा घेईपर्यंत, दीडशेहून अधिक वर्षे तो लागू होता. सरकारचा हेतू साहित्यसेवेचा नव्हता, छपाईवर नजर ठेवण्याचा होता. परंतु त्यामुळेच आपल्या जुन्या पोस्टरांच्या अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ असते: अमुक छापखाना, अमुक गाव. कधी तिच्या शेजारी चित्रकाराचे किंवा त्याच्या स्टुडिओचे नावही असते. चित्रपटाचे नाव आणि नट तर आपल्याला कोठूनही कळतील. पोस्टराचे स्वतःचे चरित्र त्या एका ओळीत असते.

आणि आता मला एक कबुली द्यावयाची आहे. समोरच्या भिंतीवर, मधोमध, 'सांगत्ये ऐका'चे पोस्टर आहे. अनंत माने यांचा हा चित्रपट १९५९ साली आला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. आमच्या मंडळींनी तो १९७०च्या सुमारास येथे आणला. बादली माझ्याकडेच होती. उरलेले एक पोस्टर आईने ठेवले. १९८६ साली, माझे लग्न झाल्यावर, ते मी चौकटीत बसवून बैठकीच्या खोलीत लावण्याचे ठरविले. चौकट आणली ती दोन इंचांनी आखूड निघाली. मी आरेखक, माझ्याजवळ पोलादी पट्टी होती, धारदार पाते होते. मी नीट मोजून, अगदी सरळ रेषेत, तळची दोन इंचांची पट्टी कापली आणि टाकून दिली. ती रेषा किती सरळ आली याचे मला त्या दिवशी कौतुकही वाटले.

पंधरा-वीस वर्षांनंतर चित्रपटांच्या मुद्रणाचा अभ्यास करणारी एक विद्यार्थिनी माझ्या घरी आली. पोस्टर पाहून तिला आनंद झाला आणि तिने पहिलाच प्रश्न विचारला, "हे पहिल्या प्रदर्शनाचे, की नंतरच्या छपाईचे?" प्रश्न महत्त्वाचा होता. इतकी वर्षे चालणाऱ्या, पुन्हापुन्हा गावोगाव दाखविल्या जाणाऱ्या चित्रपटाची पोस्टरे एकदा छापून भागत नाही. ती पुन्हा छापली जातात, कधी दुसऱ्याच छापखान्यात. उत्तर त्या दोन इंचांत होते. ती खाली वाकून चौकटीच्या कडेपाशी पाहू लागली, तेव्हा ती काय शोधते आहे हे मला समजले, आणि मला काही बोलता आले नाही. आईने सोळा वर्षे ट्रंकेत जपलेली वस्तू मी एका संध्याकाळी मुकी करून ठेवली होती. वहीची कव्हरे कातरणारा मुलगा अजाण होता, परंतु १९८६ साली मी स्वतःला संग्राहक म्हणवीत होतो.

त्या दिवसापासून माझी संग्रहाची पद्धत बदलली, आणि ती आपल्यापुढे ठेवणे हे मी माझे कर्तव्य समजतो.

पहिली गोष्ट अशी की, पोस्टर कापू नये, चिकटवू नये आणि प्लास्टिकमध्ये कोंडू नये. पारदर्शक चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडते आणि कागदात तेलकट डाग सोडते. लॅमिनेशन केलेले पोस्टर मरेपर्यंत त्याच कवचात राहते. फाटलेले पोस्टर सांधावयाचे असेल तर मागून पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरावी; पाणी लावून ती पुन्हा सोडविता येते. जे केले ते पुढे कोणाला तरी उलटविता आले पाहिजे, हा या कामातील सर्वांत मोठा नियम आहे. घड्यांच्या रेषांची लाज बाळगू नये. अमरावतीहून रेल्वेने झालेल्या प्रवासाच्या त्या खुणा आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे जागा. नकाशे ठेवण्याची उथळ, रुंद खणांची कपाटे असतात, त्यांत पोस्टरे सपाट ठेवावी. नेहमीचे पोस्टर तीस बाय चाळीस इंचांचे असते आणि ते अशा खणात सहज मावते. मध्ये आम्लविरहित कागद घालावा. आपल्याकडे शत्रू तीन: पावसाळ्यातील दमट हवा, कसर आणि वाळवी. चौथा शत्रू ऊन. झळाळते रंग सर्वांआधी उडतात. दाराजवळच्या त्या समुद्राच्या पोस्टराची मूळ प्रत खिडकीसमोर लावली असती तर काही वर्षांतच तिचा सूर्य फिका पडला असता.

तिसरी गोष्ट म्हणजे पारख. जुन्या पोस्टरांच्या नव्या प्रती बाजारात पुष्कळ आहेत. नवी प्रत घेण्यात पाप नाही, ती जुनी म्हणून घेण्यात फसगत आहे. भिंगातून पाहावे. शिळाछापाचा रंग दाणेदार आणि अनियमित दिसतो. नव्या प्रतीत ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसते. दुसरी खूण त्याहून सोपी आहे. जुन्या पोस्टराचे छायाचित्र घेऊन नवे छापले असेल तर घडीची रेषा डोळ्यांना दिसते, पण बोटाला लागत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिला पैसे पडत नाहीत. प्रत्येक पोस्टरासाठी एक नोंद करावी: चित्रपट, माप, तळची ओळ जशीच्या तशी, पोस्टर कोणाकडून आणि कधी मिळाले, ते कोणत्या खेळासाठी आले होते. कोणी काही आठवण सांगितली असेल तर तीही लिहावी. पोस्टराच्या मागे मऊ पेन्सिलीने नोंदीचा क्रमांक तेवढा घालावा. माझ्या मते पोस्टर विकत घेणाऱ्यापेक्षा ही नोंद करणारा माणूस खरा संग्राहक होय.

हे काम व्यक्तीच्या आवाक्याचे फार काळ राहत नाही. पुण्यास १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. १९६५ पासून १९९१ पर्यंत पी. के. नायर यांनी तेथे चित्रपटांबरोबर पोस्टरे, गाण्यांच्या पुस्तिका, छायाचित्रे यांचाही साठा केला. २०१२ साली त्यांच्यावर 'सेल्युलॉइड मॅन' हा माहितीपट निघाला. संस्थेसही अपघात चुकत नाहीत. २००३ साली पुण्यातील आगीत जुन्या चित्रपटांच्या प्रती नष्ट झाल्या, त्यांत प्रभातचे चित्रपटही होते. तेव्हा साठा एकाच ठिकाणी असू नये, आणि लहान गावांच्या ग्रंथालयांनीही आपापला वाटा उचलावा, असे मला वाटते.

आपल्या गावाचा वाटा कोणता? मुंबईचे मोठे चित्रपट सांभाळावयास पुष्कळ लोक आहेत. परंतु रविवार-सकाळच्या त्या खेळांची पोस्टरे, तेलुगू मंडळींची, मल्याळी मंडळींची, आमची, कोण सांभाळणार? मनू नायक यांनी १९६५ साली 'कहि देबे संदेस' हा पहिला छत्तीसगढी चित्रपट काढला. १९७१ साली 'घर द्वार' आला. त्यांची पोस्टरे याच मुलखातील भिंतींवर लागली. उरलेले एखादे कोणाच्या ट्रंकेत असेल तर ते येथेच असणार, मुंबईस नव्हे.

म्हणून मी माझी चाळीसही पोस्टरे नोंदवहीसह या ग्रंथालयाच्या स्वाधीन करीत आहे. ती विकावी असे मला सुचविण्यात आले होते. सुचविणारे माझे हितचिंतकच होते आणि रक्कमही लहान नव्हती. घरी त्यावर दोन महिने चर्चा झाली. शेवटी पत्नी म्हणाली की, वर्गणी काढून आणलेल्या खेळाची पोस्टरे आपली एकट्याची कशी? त्यानंतर बोलण्यासारखे काही उरले नाही.

'सांगत्ये ऐका'च्या पोस्टराखाली मी एक लहान कार्ड लावले आहे. प्रदर्शन संपल्यावरही ते पोस्टराबरोबरच राहावे, अशी ग्रंथपालांना माझी विनंती आहे. त्यावर एवढेच लिहिले आहे: 'तळची दोन इंचांची पट्टी संग्राहकाने १९८६ साली स्वतः कापली. त्यामुळे छापखाना व छपाईचे वर्ष सांगता येत नाही.' माझ्या नोंदवहीतील ही पहिली नोंद आहे.

दिवाळी जवळ आली आहे. घरोघर माळे साफ होतील आणि रद्दीवाले दारात येतील. ट्रंकेच्या तळाशी घडी घातलेला एखादा मोठा रंगीत कागद निघाला तर तो द्यावयाच्या आधी एकदा उलगडा, आणि सर्वांत खालची ओळ वाचा. वाचता आली नाही तर येथे घेऊन या. ग्रंथपालांच्या टेबलावर भिंग ठेवलेले आहे.